गळका सोलर आणि लाल आकाश

सोलरची टाकी गळते आहे का, एवढंच बघायचं होतं. पण टाकी लिफ्टच्या खोलीच्या डोक्यावर आणि तिथं जायला उभी लोखंडी शिडी. माझ्या गुडघ्यांचा शिड्यांना तात्त्विक विरोध आहे. त्यात भाचा सुहास आपला ड्रोन आमच्या बेळ्ळंदूरच्या घरी विसरून गेलेला. म्हटलं, पाठवू वर.

गच्चीवर गेलो. मोबाइलवर लाल पट्टी आली: विमानतळ जवळ आहे, परवानगीशिवाय उडवू नये. मी 'ओके' दाबलं. (सगळी नोकरी हेलिकॉप्टरच्या कारखान्यात झाली. माणसाला वाटतं, नियम इतरांसाठी असतात.)

ड्रोन टाकीपर्यंत गेला आणि वाऱ्यानं रस्त्यापलीकडे भरकटला. तेवढ्यात ओळखीची घरघर ऐकू आली. झाडांवरून एक हेलिकॉप्टर खाली येत होतं, थेट आमच्या दिशेनं.

एवढंसं प्लास्टिक शेपटीच्या पंख्यात गेलं तर काय होतं, हे मीच नव्या पोरांना शिकवत असे. घाबरून घराचं चित्र असलेलं बटण दाबलं. ड्रोन आणखी वर निघाला.

"अहो, वर कुठं चाललाय तो?" माझ्या मागोमाग गच्चीवर आलेली प्रमोदिनी, माझी बायको, ओरडली.

"घरी येतोय! आधी उंची घेतो, मग..."

"द्या इकडे!"

तिनं रिमोट हिसकावला, दांडी खाली ओढली आणि ड्रोन समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांत उतरवला. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं. दारात बसलेल्या जवानानं आम्हाला हात केला. (त्याला वाटलं असेल, आजी-आजोबा टाटा करायला आलेत.) माझा हात वर होईना.

"त्याच्या घरीही कुणीतरी वाट बघत असेल," प्रमोदिनी हळूच म्हणाली.

सांडगेवाल्या बाईंनी पोलिसांना फोन केला. इन्स्पेक्टर गिरीराज आले. त्यांच्या मराठीत कन्नड मिसळलेलं.

"सर, हा रेड झोन. तुम्हाला गोत्तिल्ला? माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," मी म्हणालो. 'नव्हतं' म्हणणं किती सोपं होतं!

ड्रोन जप्त झाला, केस झाली. ते योग्यच झालं.

"उतरवला कोणी?"

"मी," प्रमोदिनी म्हणाली.

पुढच्या रविवारी गिरीराजांनी सोसायटीच्या हॉलमध्ये ड्रोनच्या नियमांवर व्याख्यान ठेवलं. वक्त्या: सौ. प्रमोदिनी. मी कौतुकानं पहिल्या रांगेत बसायला गेलो, तर गिरीराजांनी अडवलं.

"सर, तुम्ही स्टेजवर."

मी कॉलर नीट केली. "मीही बोलायचंय?"

"नको, नको. 'असं करू नका' म्हणताना मॅडमना बोट दाखवायला कोणीतरी पाहिजे."