एकवीस भोकांचा बोर्ड

निवड करणं हा प्रणिताच्या डाव्या हातचा मळ होता. सिंगापुरातला पुंगोलचा फ्लॅट तिने बघून झाल्यावर लिफ्ट चौदाव्या मजल्यावरून खाली येईपर्यंत नक्की केला होता. इराची शाळा एका दुपारी, वॉशिंग मशीन अकरा मिनिटांत, आणि अनिमेषला तर पहिला चहा संपायच्या आत. त्यामुळे सप्टेंबरच्या सुरुवातीला जहाजावर निघताना अनिमेष विमानतळावर कुरकुरला, "प्लेटचं तेवढं राहिलंच गं. समुद्रावर नेट असतं-नसतं," तेव्हा तिने त्याची कॉलर सरळ केली.

"तू इंजिन सांभाळ. प्लेट मी बघते. एक प्लेट निवडायची, त्यात काय एवढं."

ही प्लेट जेवायची नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

अनिमेष मरीन इंजिनिअर. चार वर्षांपूर्वी ऐन जानेवारीत त्याचं जहाज जपानात, होक्काइडोच्या गोदीत दुरुस्तीला लागलं. हातात तीन रिकामे आठवडे आणि समोर बर्फाचा डोंगर. तिथे तो स्नोबोर्ड शिकला आणि घरी परतला तो ताप चढल्यासारखा. नुसतं घसरणं त्याला पुरेना. अरुंद, लांबलचक बोर्ड कडेवर उभा करायचा आणि वळणावर इतकं झुकायचं की कोपर बर्फाला लागावं, हे त्याचं वेड. याला म्हणे कार्व्हिंग म्हणतात. आता सिंगापुरात बर्फ मिळतो तो हॉकर सेंटरच्या वाटीत, वर लाल-हिरवं सरबत ओतलेला. त्यामुळे तो पांढरा बोर्ड वर्षभर घरातल्या बॉम्ब शेल्टरमध्ये, म्हणजे तिथल्या फ्लॅटांत असते त्या जाड भिंतींच्या कोठीत, तांदळाच्या पोत्याशेजारी, शिक्षा झालेल्या मुलासारखा भिंतीकडे तोंड करून उभा असायचा.

गेल्या जानेवारीत होक्काइडोला झुकता झुकता अनिमेषच्या बुटाचं टोक बर्फात घासलं. बोर्ड एकीकडे गेला, अनिमेष दुसरीकडे, आणि दोन बरगड्या तिसरीकडे. वर्षातून त्याला घरच्यांबरोबर सलग सोळा दिवस मिळतात. त्यातले चौदा सोफ्यावर गेले. हसलं की दुखायचं, म्हणून इराला बाबासमोर विनोद सांगायची बंदी होती. पाच वर्षांची पोर दाराआड उभी राहून स्वतःलाच विनोद सांगायची.

यावर उपाय एकच, ती प्लेट. बोर्ड आणि बूट अडकवायच्या पकडी यांच्या मध्ये ती बसते. बूट उंचावतात, घासत नाहीत, आणि खाली बोर्डाला मोकळेपणी वाकता येतं. प्रणिताला त्या वाकण्याचं कौतुक नव्हतं. या खेपेला तिला नवरा आख्खा हवा होता, बस्स.

इराच्या पोहण्याच्या क्लासला बाकावर बसून तिने शोध सुरू केला आणि अकरा मिनिटांत तिची मती गुंग झाली. प्लेट आठ मिलिमीटरची की बाराची? अॅल्युमिनियमची की कार्बनची? एक टोक घट्ट आणि एक सरकतं, की दोन्ही सरकती? एका संकेतस्थळावर दोन गृहस्थ याच मुद्द्यावर सहा वर्षं भांडत होते. एकाचं म्हणणं, प्लेट कडक हवी. दुसऱ्याचं, मऊ हवी. मध्येच तिसरा येऊन सांगून गेला होता की ज्याला हा प्रश्न पडतो त्याने प्लेट घेऊच नये. तांजोंग पगारच्या ऑफिसात तिने जेवणाच्या सुट्टीत अकरा रकान्यांचा तक्ता केला. तो भरून झाल्यावर सगळ्या प्लेटना सारखेच गुण पडले.

शेवटी तिला ओनिशी-सान सापडले. नागानोजवळच्या गावात हा म्हातारा माणूस एकेक प्लेट हाताने बनवायचा, ज्याच्या-त्याच्या बोर्डावरच्या भोकांप्रमाणे. त्यांचं पत्र तिने तीनदा वाचलं. "आपण गोंधळू नये. गोंधळणं हे माझं काम आहे. कृपया चालकाची उंची, वजन आणि बोर्डावरच्या छिद्रांचा, शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो पाठवावा. या हंगामाची शेवटची मागणी शुक्रवारी आपल्याकडच्या वेळेने दुपारी चारपर्यंत घेईन. त्यानंतर मी कारखान्यात असतो आणि पत्रं पाहत नाही."

प्रणिताला भरून आलं. इतक्या दिवसांत कोणीतरी पहिल्यांदाच तिला गोंधळू नकोस म्हणालं होतं.

"आई, अनिमेषचं वजन किती असेल आत्ता?" तिने सासूबाईंना विचारलं. गिरिजाबाई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या.

"अडुसष्ट."

"आई, ते लग्नातलं. मागच्या वेळी चौऱ्याऐंशी भरलं होतं."

"काटा बिघडलाय तुमचा. पोराच्या गालाची हाडं दिसतात."

प्रणिताने चौऱ्याऐंशी लिहिलं आणि फोटो सकाळी काढायचा ठरवला. सकाळ होती बुधवारची, आणि बुधवारी होती खंडेनवमी.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा. गिरिजाबाई पहाटेच उठल्या होत्या. प्रणिता दात घासत बाहेर आली तोवर वॉशिंग मशीनवर कुंकवाची पाच बोटं उमटली होती, मिक्सरवर पाच, फ्रिजवर पाच, तिच्या ऑफिसच्या लॅपटॉपवरसुद्धा पाच. आणि हॉलच्या मधोमध, दोन पाटांवर, झेंडूची माळ घालून अनिमेषचा बोर्ड.

"आई, हा पण?"

"मग? त्याचं हत्यारच आहे ते. मागच्या वर्षी पूजा झाली नाही, बघितलंस ना काय झालं? आज प्रत्येक भोकात चिमूट चिमूट कुंकू घातलंय. आता दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. लॅपटॉपलाही नाही."

"लॅपटॉप ऑफिसचा आहे, आई."

"बरं, तो ने. त्यांचं ते बघतील."

आठ-वीसची एलआरटी गाठायची होती. प्रणिताने माळ जराशी सरकवली, इराची शाळेतली पट्टी बोर्डाशेजारी ठेवली आणि फोटो काढला. पांढऱ्या बोर्डावर लाल ठिपके कसे उठून दिसत होते. बरं झालं, तिला वाटलं, नुसती भोकं फोटोत दिसली नसती. गाडीत उभ्या उभ्या तिने तो पाठवून दिला आणि सुटकेचा निःश्वास सोडला. ऑफिसात शेजारच्या वेई लिंगने तिच्या लॅपटॉपकडे बघून विचारलं, नवीन स्टिकर का गं? प्रणिता म्हणाली, हो.

गुरुवारी, दसऱ्याच्या दिवशी, ओनिशींचं उत्तर आलं.

"फोटो मिळाला. अत्यंत रोचक बोर्ड आहे. पुढच्या पायाखाली आठ छिद्रं, मागच्या पायाखाली आठ. हे मला परिचित आहे. परंतु दोन्ही पायांच्या मध्ये आणखी पाच छिद्रं आहेत. एकतीस वर्षांत अशी रचना मी पाहिलेली नाही. ती सरळ रेषेत नाहीत, किंचित कमानीत आहेत. या अज्ञानाबद्दल क्षमस्व. त्यांचा उद्देश कळू शकेल का?"

आता उद्देश प्रणिताला कुठून कळणार? तिने अनिमेषला निरोप टाकला, 'मधली पाच भोकं कशाला आहेत रे?' जहाज हिंदी महासागरात कुठेतरी होतं. निरोपापुढे एकच राखाडी खूण येऊन थांबली. रात्री श्रीखंडही तिला गोड लागलं नाही.

शुक्रवारी सकाळी दुसरं पत्र. "रात्री मी माझ्या गुरूंना फोटो दाखवला. त्यांचं वय ब्याऐंशी आहे. त्यांनी तो भिंग लावून पाहिला. मग म्हणाले, ही रचना फार नैसर्गिक वाटते, जणू कोणीतरी हात ठेवावा तशी. त्यांच्या मते शरीराचा भार पायांतून नव्हे तर मध्यातून वळवण्याचा हा नवा विचार असावा. बोर्ड प्रायोगिक आहे काय? छिद्रं एकवीसच आहेत याची चारपूर्वी खात्री करावी, ही विनंती."

प्रायोगिक? अनिमेषने तर तो कोणाकडून तरी जुना घेतला होता. की घेतला नव्हता? नवरा तिच्यापासून प्रायोगिक बोर्ड लपवतो आहे की काय, हाही विचार तिच्या मनात येऊन गेला. साडेतीन वाजता मीटिंगमधून उठून ती जिन्यात गेली आणि घरी व्हिडिओ कॉल लावला.

"आई, बोर्ड कुठेय?"

"पाटावरच आहे. आज पुसून ठेवणार होते."

"थांबा, पुसू नका. इरा, बोर्डावर किती होल्स आहेत मोज बरं राजा. नीट मोज."

स्क्रीनवर इराचं बोट ठिपक्या-ठिपक्यावरून फिरू लागलं. तिची जीभ बाहेर आली होती, मोजताना येते तशी.

"ट्वेंटी-वन."

"परत एकदा मोज."

"ट्वेंटी-वन lah, मम्मा. I count already."

"अगदी बरोबर मोजते पोर," मागून आजी कौतुकाने म्हणाल्या.

चारला बारा मिनिटं कमी असताना प्रणिताने कळवलं, 'एकवीस. दोनदा मोजली.' लगेच उत्तर आलं. "आभारी आहे. आता शंका नाही. मी कारखान्यात जातो."

साडेसहाच्या एलआरटीत, रिकामी जागा मिळाल्याचा आनंद होतो न होतो तोच फोन थरथरला. अनिमेष. आदल्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर समुद्र ओलांडून आलं होतं.

'कुठली पाच? मध्ये भोकं नसतातच. मध्ये भोकं पाडली तर बोर्ड तिथेच मोडेल. कोणी भोकं पाडलीत का???'

प्रणिताने निरोप पुन्हा वाचला. कोणी पाडणार? तिला ड्रिल मशीनसमोर बसलेल्या गिरिजाबाई दिसायला लागल्या. ती घरात शिरली ती चपला न काढताच. बोर्ड पुसून लख्ख झाला होता. तिने गुडघ्यावर बसून मोजलं. आठ आणि आठ सोळा. मधला भाग वाटीच्या बुडासारखा गुळगुळीत.

"आई, मधली पाच कुठं गेली?"

"कोण पाच?"

"भोकं."

"मध्ये कुठे होती भोकं? मध्ये रिकामं रिकामं दिसत होतं म्हणून मी ओल्या कुंकवाची पाच बोटं टेकवली. फ्रिजवर टेकवली तश्शी." गिरिजाबाईंनी हवेत बोटं टेकवून दाखवली. किंचित कमानीत.

प्रणिता जमिनीवरच बसली. "इरा, तू होल्स मोजलीस की डॉट्स?"

"You say count, I count," इरा म्हणाली, आणि कार्टूनकडे वळली.

प्रणिताने तिथेच बसून ओनिशींना पत्र लिहिलं. खंडेनवमी म्हणजे काय, आपल्याकडे हत्यारांची पूजा का करतात, वॉशिंग मशीन हे हत्यार कसं, सगळं. इतकं लांब पत्र तिने साखरपुडा झाल्यावर अनिमेषलाही लिहिलं नव्हतं. शेवटी लिहिलं, 'चूक सर्वस्वी माझी आहे. पण माझा नवरा वर्षातून सलग सोळाच दिवस घरी असतो, आणि मागच्या वेळी त्याला हसताही येत नव्हतं. काही करता आलं तर बघा.' मग अनिमेषला कळवलं, 'कोणी काही पाडलेलं नाही. तू इंजिन सांभाळ.'

शनिवार गेला, रविवार गेला. गिरिजाबाई दोन दिवस जरा मऊ आवाजात बोलत होत्या आणि न सांगता दुपारी धुणं वाळत घालत होत्या.

सोमवारी उत्तर आलं. "आपलं पत्र आज वाचलं. शनिवारी सकाळीच मी सर्व एकवीस छिद्रं पाडली होती. क्षमस्व. आपल्या सासूबाईंच्या बोटांमधलं अंतर मी तंतोतंत पाळलं आहे. सोळा छिद्रं जुळतील. पाचांचं काय करायचं, याचा विचार करतो. आपण गोंधळू नये."

डिसेंबरच्या अखेरीस खोकं आलं, आणि पाठोपाठ चार दिवसांनी अनिमेष. प्रणिताने त्याला सगळं सांगायचं ठरवलं होतं. पण तो बॅग ठेवून आधी खोकंच उघडायला बसला. काळी, हलकी, चकचकीत प्लेट. त्याने ती बोर्डावर ठेवली. सोळाच्या सोळा स्क्रू लोण्यात सुरी जावी तसे बसले. मग त्याचा हात मध्ये थांबला. तिथल्या पाच भोकांत पाच छोटे लाल स्क्रू होते, डोकी अगदी गोल, किंचित कमानीत. खाली ते कशालाच धरून नव्हते. सोबत चिठ्ठी होती. 'या पाचांनी काहीही घट्ट होत नाही. तरी काढू नयेत.'

"हे काय आहे?" अनिमेषने विचारलं.

प्रणिताने सांगितलं. हॉलमध्ये उभं राहून, ओढणीचं टोक पिळत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ओनिशींच्या ब्याऐंशी वर्षांच्या गुरूंपाशी ती आली तेव्हा अनिमेष हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, बरगडीला हात न लावता. इरा दाराआडून बाहेर आली, त्याच्या मांडीवर बसली आणि वर्षभर साठवलेले विनोद एकामागून एक सांगत सुटली.

होक्काइडोहून तो आठ दिवसांनी परतला. पडला नाही असं नाही, पण बुटापायी पडला नाही. आख्खा आला.

गिरिजाबाईंनी बोर्ड पाटावर घेतला, पदराने पुसला आणि त्या पाच लाल स्क्रूंवरून बोट फिरवलं. पुसले जात नव्हते.

"प्रणिता, या ओनिशींना विचार ना, फ्रिजसाठी मिळतील का असे. दरवर्षी लावायला नको."

प्रणिताने ते थट्टेत लिहून टाकलं. एका तासात उत्तर हजर.

"अवश्य. फ्रिजचा फोटो पाठवावा. कृपया आधी पुसून घ्यावा."