योहानमामांची मडकी

बाजारात मडकं घेताना आपण बोटानं वाजवून बघतो. टणटण वाजलं की पक्कं, भद्द वाजलं की कच्चं. योहानमामा तसं करत नाहीत. ते मडक्यात तोंड घालून गातात.

केडगावच्या बाजारात मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. रांजण असला तर मुंडकं पार खांद्यापर्यंत आत. टोपी कुंभारणीच्या हातात द्यायची, वाकायचं, आन् आतून आवाज यायचा, "पाणी भरता भरता गं, ऊन कललं माळावर." नेहमी हीच ओळ. पुढची ओळ मी कधी ऐकली नव्हती. मग तोंड बाहेर काढून विचारणार, "ऐकू आलं का?"

कुंभारीण म्हणायची, "मामा, रांजण घ्यायचाय, का त्यात ऱ्हायला जायचंय?"

मामा तिच्याकडं बघून नुसते हसायचे.

आता मी कोण ते सांगतो. शाळेत मी फार टिकलो नाही, पण जन्मभर गूळ केला. पाक कुठं आलाय हे नुसत्या वासावरून सांगणारा राहू गावापासून केडगावापर्यंत दुसरा नाही, हे लिहायला मला लाज वाटत नाही. पण पोरांना गुळात गोडी राहिली नाही आन् गुऱ्हाळ बंद पडलं. दगडी भिंती उभ्या होत्या, पत्रा वाऱ्यानं नेला होता. गावाला गाण्याबजावण्याला, चार माणसं बसायला एक जागा पाहिजे अशी बोलणी निघाली, तवा मी भर बैठकीत म्हणालो, माझं गुऱ्हाळ घ्या.

सरपंच खूश. "वर नवा पत्रा, कोपऱ्यात भोंगे, चार पंखे. झालं आपलं सांस्कृतिक केंद्र!"

योहानमामा उठले. "भोंगा आला तर मी न्हाई. पत्रा आला तरी मी न्हाई. पत्र्याखाली माणूस भाजतो आन् गाणं चेचतं."

मग त्यांनी आपलं सांगितलं. छप्पर उसाच्या पाचटाचं. गिलावा शेणामातीचा. गुऱ्हाळाचं धुराडं आहे तसं ठेवायचं, गरम हवा वर निघून जाईल, पंखा नको आन् लाइटीची वाट बघायला नको. रस उकळायचं चुलवाण बुजवून त्याचा ओटा करायचा, गाणाऱ्यानं त्याच्यावर बसायचं. भिंती थोड्या उंच करायच्या आन् त्या वाढीव भिंतीत मडकी बसवायची, तोंडं आतल्या अंगाला. फालतू घुमणारा आवाज मडकी गिळतील आन् चांगला तेवढा ठेवतील, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांना कुणी सांगितलं ते विचारलं तर मडकी किती लागतील ते सांगायचे.

सरपंच म्हणाले, "मामा, भिंतीत मडकी दिसली तर लोक म्हणतील सरपंचानं विटा खाल्ल्या."

पण मामांचा हट्ट कशापायी होता ते मला माहीत होतं. त्यांच्या मंडळी, रिबकामामी, माहेरच्या निमोण्याच्या. तरुणपणी त्यांचा आवाज विहिरीवरून माळापर्यंत जायचा. आमच्या देवळातलं भजन असो का त्यांच्या चर्चमधली उपासना, मामी गाणार आन् मामा पेटीवर. मग एका आजारपणात मामींचा गळा बसला तो पुरता उठलाच नाही. माइक धरला की नुसती खरखर. त्यांनी गाणं सोडलं. पुढं मामांनी पेटीही सोडली. बोटं दुखतात म्हणाले.

एकदा बांधावर मला म्हणाले, "आबा, रिबकानं हळू म्हणलं तरी शेवटल्या माणसाला कळंल अशी जागा करायची. तिनं एकदा तिथं म्हणावं. बास, मग माझं काय मागणं न्हाई."

एवढ्यासाठी मी पाचटाच्या बाजूनं उभा राहिलो. मी बी हट्टी, पण माझा हट्ट समोरच्याचं ऐकून घेऊन असतो. मामांचं तसं नाही. कुणी विरोधात बोललं की ते भिंतीकडं तोंड फिरवायचे. लोक म्हणायचे, काय ही घमेंड! पाचट का पत्रा यातच पावसाळ्यामागून पावसाळे गेले. शेवटी सरपंच कंटाळले. "मामा, मंजूर! सगळं तुमच्या मनासारखं मंजूर!" असं ते भर बैठकीत ओरडले. तरी मामा आपले भांडतच होते. "मंजूर न करायला काय धाड भरली तुमाला?" म्हणाले. बैठक हसून लोळली. मी बी हसलो.

काम झालं. पाचट मी स्वतः उभं राहून शाकारून घेतलं, एक थेंब गळत नाही. फक्त मडक्यांत चिमण्यांनी घरं केली. मामा म्हणाले, "असू द्या. त्या बी मंडळाच्या मेंबर."

गाण्याच्या पहिल्या बैठकीला मामी ओट्यावर बसल्या. मामा शेवटच्या रांगेत, माझ्या शेजारी. मामींचा आवाज तो केवढा, पाण्यात पाऊल टाकावं एवढा. पण आला. शब्दन् शब्द आला. त्याच ओळीनं सुरुवात झाली आन् मग पुढची ओळ मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

"घडा उचलू लागाया गं, कुणी न्हाई वाटेवर."

संपलं तेव्हा मामींनी थेट शेवटच्या रांगेकडं बघितलं. मामांनी हात वर करून झकास अशी खूण केली. मग माझ्याकडं वाकले.

"ऐकू आलं का?"

"आलं की!"

ते माझ्या ओठांकडं बघत होते. म्हणाले, "कोणतं म्हणली?"

सोडलेली पेटी, भिंतीकडं फिरवलेलं तोंड, मंजूर झाल्यावरचं भांडण, सगळं एकदम ध्यानात आलं. आन् ते रांजण. माणसाला स्वतःचा आवाज तेवढ्यातच सापडत होता. पहिल्या पावसाळ्यात छप्पर चढलं असतं तर मामींचा आवाज त्यांच्या कानाला थोडा तरी लागला असता.

बोलून उपयोग नव्हता. मी टोपी काढून त्यांच्या हातात दिली, दोन्ही हातांचा रांजण केला आन् त्यात तोंड घातलं.

मामांना कळलं, कोणतं गाणं ते. त्यांनी माझी टोपी परत माझ्या डोक्यावर ठेवली आन् ओट्याकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी मडकी नीट बसलीत."

माणसं उठल्यावर मामी आल्या. मी आपलं म्हणालो, "मामी, मामा म्हणतात, दुसरी ओळ लई दिवसांनी ऐकली."

"तुमाला खोटं बोलाया येत न्हाई, आबा," त्या म्हणाल्या. "घरी मी चहा बी खुणंनं इचारते."

"मग गायलात कशाला?"

मामा चिमण्यांची मडकी बघत भिंतीकडंनं चालले होते. मामी त्यांच्याकडं बघत त्याच बसक्या आवाजात म्हणाल्या, "ह्यांनी एवढी मडकी बसवली. गायला नको?"