ऐन मध्यावर नगराध्यक्ष

नदीकाठच्या नव्या बागेच्या उद्घाटनाला माणसं आली चौदा, त्यातली अकरा नगरपालिकेची. पायऱ्या नव्या, दिवे नवे, बाकं नवी. पण गावानं कित्येक वर्षांपूर्वी नदीकडे फिरवलेली पाठ काही वळली नव्हती. नगराध्यक्षांचं तोंड एवढंसं झालं.

"निदान होडीतून एक फेरी मारू," ते बायकोला म्हणाले. "फोटो तरी बरा येईल."

नदीच्या ऐन मध्यावर होडी 'फस्स' करून थांबली. नावाड्यानं वल्हं रेटलं. ते गाळात गेलं, ते गेलंच.

"साहेब, रुतली."

"रुतली म्हणजे?"

"काठ तुम्ही झकास केलात. गाळ मात्र होता तिथंच आहे."

"मी सांगत होते," बाई म्हणाल्या, "दिवे नंतर लावा, आधी गाळ काढा. पण घरात माझं ऐकतो कोण!"

नगराध्यक्ष तावातावानं उठले, होडी डुलली, ते मटकन बसले. खिशातला फोन तेवढा पाण्यात गेला.

पुलाजवळच्या न्हाव्यानं हे पाहिलं आणि अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट तो पायऱ्यांवर हजर झाला. त्याच्यामागे शिंपी, शिंप्यामागे अख्खी बाजारपेठ. आइस्क्रीमवाल्यानं गाडी थेट बागेत घातली. तासाभरात बाकांवर तीळ ठेवायला जागा उरली नाही.

इकडे दुसरा इलाजच नसल्यामुळे नगराध्यक्ष बायकोशी बोलू लागले. आधी गाळाबद्दल, मग लेकीच्या परीक्षेबद्दल, मग लग्नानंतरच्या त्यांच्या पहिल्या फसलेल्या सहलीबद्दल. दोघं इतकी हसली, की होडी पुन्हा डुलली. नावाडी सभ्यपणे आभाळ न्याहाळत बसला.

अग्निशमन दलानं दोर फेकला, तेव्हा काठावरून ओरडा झाला, "एवढ्यात नको!"

नगराध्यक्षांनी गच्च भरलेला काठ डोळे भरून पाहिला. "दहा मिनिटं थांबता का?" त्यांनी जवानांना विचारलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गाळ काढायच्या आदेशावर सही करायला बसले, तोच टेबलावरचा फोन वाजला.

"अहो, मी पुन्हा होडीत बसलेय, कालच्याच गाळात. आजही काठ भरलाय."

"अगं, मला बैठक आहे."

"राहू दे मग. न्हावीदादा विचारतायत, जागा रिकामी आहे का म्हणून."

नगराध्यक्षांनी आदेशावर 'पुढच्या महिन्यात बघू' असा शेरा मारला आणि चपला शोधायला टेबलाखाली वाकले.