आडवं व्हायला जागा हाय का?

दुकानात टॅब बघायला गेलेला माणूस आधी किंमत विचारतो. आमचे खरात सर विचारतात, "आडवं व्हायला जागा हाय का?"

जालन्याच्या दुकानाच्या शेठजींनी पहिल्या वेळी घाबरून पाण्याचा ग्लासच पुढे केला होता. सरांना चक्कर आली असं त्यांना वाटलं. सर पाणी प्यायले, चपला काढून गिऱ्हाइकांच्या सोफ्यावर उताणे झाले आणि टॅब डाव्या हातात धरून डोळ्यांसमोर नेला. उजवा हात छातीवर नुसता पडलेला. थोड्या वेळानं टॅब निसटून नाकावर आदळला. "जड हाय," नाक चोळत सर म्हणाले, "अन् लागतोबी लई."

खरात सर माझ्यासोबत अंबडच्या शाळेत विज्ञान शिकवतात आणि राहतात वडीगोद्रीला. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. या बहिणीनंच त्यांना वाढवलं, शिकवलं. आम्हीही त्यांना अक्काच म्हणतो. लकवा मारल्यापासून अक्कांची उजवी बाजू गेली आणि हातात पुस्तक धरणंही गेलं. वाचनाचं वेड तेवढं शाबूत आहे. वाचकांच्या कुठल्याशा ग्रुपवर त्यांना जुन्या प्रवासवर्णनांच्या पीडीएफ येतात. पण फोनवर अक्षर मुंगीएवढं दिसतं. मोठं करायचं तर दोन बोटं लागतात आणि अक्कांचा एकुलता एक हात फोन धरण्यात गुंतलेला. त्यामुळे दिवसभर त्या छताकडे बघत पडून असत आणि संध्याकाळी घरी गेल्यावर सर वाचत, अक्का ऐकत. अक्कांना स्वतःचं स्वतः वाचता यावं म्हणून हा सगळा खटाटोप चालला होता.

आता यात अडचण खरी होती. वाचायचं ते छोटं यंत्र हलकं असतं, पण स्कॅन केलेलं अख्खं पान त्यात बसवलं की अक्षर पुन्हा मुंगीएवढं. मोठ्या टॅबवर अक्षर झकास दिसतं, पण एका हाताला तो पेलत नाही. यातून वाट काढायची सोडून सर नव्या अडचणी काढत. "आज बराबर हाय सर, पण उद्याचं काय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चार्जिंग संपलं अन् मी शाळेत असलो तर? अक्काला डुलकी लागली अन् तोंडावर पडला तर? लग्नाच्या वेळीही हेच वाक्य म्हणत ते सगळ्या मुली बघून आले आणि बिनलग्नाचे राहिले.

एकदा मधल्या सुट्टीत ते टॅबएवढं वजन व्हावं म्हणून पाटीला मिठाची पुडी बांधून, ती डाव्या हातात धरून शिक्षक खोलीतल्या बाकावर आडवे झाले होते. मुख्याध्यापक आत आले, सरांना बघितलं आणि रिक्षा बोलवायला ओरडतच बाहेर पळाले. सर जागचे हलले नाहीत. "हात कधी भरून येतो ते बघून राह्यलो," एवढंच म्हणाले.

असं करता करता दिवाळी गेली, उन्हाळा आला. शेवटी शेठजींनीच इरेला पेटून एक मोठा पण पातळ टॅब मागवला आणि त्याला मागून पट्टा असलेलं कव्हर चढवलं. पट्ट्यात हात अडकवला की टॅब पडायची बातच नको. सर सोफ्यावर बराच वेळ पडून राहिले. खोट काही सापडेना. मला वाटलं, आता खूश होतील. त्यांचा चेहरा मात्र पडला. "उद्या येतो," म्हणून ते तडक बाहेर पडले.

स्टँडवर गाठून मी त्यांच्यावर खेकसलो, "अहो, आता काय राहिलं?"

सर खाली बघत म्हणाले, "सर, अक्का खुद वाचाया लागली, तर मंग संध्याकाळी घरी जाऊन मी काय करू?"

माझा राग जागीच विरला. पण अक्कांचं ते छत डोळ्यांपुढे आलं आणि मी सरांना दंडाला धरून दुकानात परत नेलं. टॅब घेतला. त्यांचा भरवसा नव्हता म्हणून वडीगोद्रीपर्यंत सोबत गेलो. बसच्या प्रत्येक खड्ड्याला ते खोकं पोटाशी धरत होते.

अक्कांनी पट्ट्यात हात अडकवला. अंगठ्यानं एक पान सरकवलं, मग दुसरं. ओठ हलायला लागले. कुणाच्या मदतीशिवाय किती दिवसांनी वाचत होत्या! सर चहा करायचं सोडून दारात उभे राहून बघत होते. आत चहा उतू गेला.

बऱ्याच वेळानं अक्कांनी टॅब छातीवर ठेवला. "सुदाम, डोळे दुखून राह्यले रे. फुडचं तू वाच."

सर लगबगीनं चष्मा आणायला आत गेले. अक्कांनी मला जवळ बोलावलं.

"डोळे बिलकुल दुखत न्हाईत, सर," त्या हळूच म्हणाल्या. "दिवसा वाचीन की मी. पण संध्याकाळचं त्याचंच राहू द्या. त्याला तरी दुसरं कोण हाय?"

सर चष्मा पुसत आले, खाटेशी बसले आणि वाचायला लागले. टॅब त्यांनी डाव्याच हातात धरला होता.