भिमाजी कोण?

मित्राची पहिली कादंबरी हा सार्वजनिक सुव्यवस्थेचा प्रश्न असतो. ती मैत्रीवर असेल तर सरळ जमावबंदीच लागू करावी.

नाशिक रोडच्या आमच्या वाल्मीकने नेमकी तीच लिहिली. तिच्यात काही घडत नाही. चार मित्र दर रविवारी मिसळ खातात आणि हळूहळू एकमेकांना ओळखू लागतात. (याला व्यक्तिरेखाप्रधान म्हणतात. काही घडलं असतं तर नुसती कादंबरी म्हटलं असतं.) आम्हीही चार मित्र, आम्हीही दर रविवारी मिसळ खातो. पुस्तक छापून आल्यावर मात्र वाल्मीक यायचाच बंद झाला. आपले मित्र तुटणार, या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

अभिप्रायाची रीतसर पद्धत अशी: पुस्तक हातावर तोलावे, मुखपृष्ठाची स्तुती करावी, मग आपण कोणत्या पानावर आहोत ते शोधावे. उर्वरित पाने ऐच्छिक. या शोधात सुनील, हिरामण आणि मी असे तिघेही भिमाजीपाशी पोचलो. भिमाजी म्हणजे दुसऱ्याच्या वाटीतली तर्री ओढणारा, बिल दिसताच हात धुवायला जाणारा आणि कुणी दवाखान्यात असलं की नेमका गावाला जाणारा इसम. काय पात्र आहे! मी लगेच वाल्मीकला फोन लावला. "सुन्याला हुबेहूब उतरवलंस रे!"

रविवारी आम्ही वाल्मीकला घरातून ओढूनच आणलं. मिसळ खाताना प्रत्येकजण त्याला गुपचूप डोळा मारत होता. शेवटी सुनीलला राहवेना. "वाल्या, सांगून टाक बरं. भिमाजी म्हणजे आपला हिरामणच ना?"

"मी? अरे, हा आहे तो!" हिरामणने माझ्याकडे बोट केलं.

वाल्मीकने पाव खाली ठेवला. "तुम्ही तिघं मिळून."

मग खातेवाटप सुरू झालं. सुनीलने तर्री स्वीकारली, पण दवाखाना हिरामणवर ढकलला. हिरामणने हात धुणं माझ्याकडे वर्ग केलं. मी हरकत नोंदवली. वाल्मीक हसून हसून ठसकला, डोळे पुसायला लागला. मैत्री शाबूत होती. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात बिल आलं. आम्ही तिघेही हात धुवायला उठलो. (बेसिन एकच होतं.)

"शेवटी भिमाजीचं काय होतं रे?" रांगेत मी विचारलं. दोघांनाही माहीत नव्हतं.

हे वाचताना तुम्हालाही एखादा मित्र आठवला असेलच. त्याला जरूर पाठवा. त्याने ते तुम्हाला सकाळीच पाठवलंय, आणि तुम्ही न वाचताच अंगठा दिलाय.