टोपी उडालेला डायोड

मोजणीयंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या खोलीत भर दुपारी लेसर डायोडची टोपी उडाली आणि नव्या कारागिराच्या तोंडचं पाणी पळालं. डायोड म्हणजे वाटाण्याएवढी धातूची डबी. वर काचेची टोपी, आत लेसर सोडणारा कण. चिमटा जरा जोरात लागला आणि तो कण उघडा पडला. स्टोअरमध्ये दुसरा नव्हता. तीन वाजता साहेब हाच डायोड यंत्रात बसवणार होते आणि मग कारागिराला कायम करण्याच्या पत्रावर सही करणार होते. त्या सहीसाठी तो सहा महिने जीव मुठीत धरून काम करत होता.

टोपी घालून बंद केलेली वस्तू हवेपासूनच जपलेली असणार, असा त्याने तर्क लढवला. आधी त्याने श्वास रोखला. मग पंखा बंद केला. खिडक्या दूर होत्या, मनगटाच्या पट्ट्याची वायर तिथवर पुरेना, म्हणून पट्टा काढून खुंटीला अडकवला आणि खिडक्या लावून घेतल्या. अंगातली वीज नाजूक भागांना लागू नये म्हणून हा पट्टा वायरने जमिनीला जोडलेला असे. पण जीव टांगणीला लागलेल्या माणसाला वीज कुठली आठवायला!

स्टोअर सांभाळणाऱ्या ताई आल्या, तेव्हा खोलीची भट्टी झाली होती.

"ताई, हवा लागली की लेसर मरतो का हो?"

ताईंना लेसरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कॉफीची बरणी उघडी राहिली तर काय होतं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मरणारच. आधी हवाबंद कर त्याला."

त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी आणून दिली. कारागिराने डायोड आत टाकून हवा तोंडाने ओढून काढली. तरी धाकधूक जाईना, तेव्हा ताईंनी आपला लोकरी स्वेटरही दिला. पिशवी त्यात करकचून गुंडाळताना चटचट आवाज आला. उरलीसुरली हवा निघत असावी, असं दोघांनी ठरवलं.

साहेब अर्धा तास आधीच आले. कारागिराने गाठोडं पुढे केलं.

"साहेब, माझ्या हातून टोपी उडाली. याला हवा लागलीय."

"हवेने काय होतंय? माणसं नाही का जगत हवेत?"

साहेब थट्टा करताहेत असं वाटून कारागिराला रडूच यायचं बाकी राहिलं. साहेबांनी स्वेटर सोडला, पिशवी सोडली आणि खुंटीवरच्या पट्ट्याकडे पाहिलं. डायोड तपासणीला लावला. उजेड नाही.

"हवेने नाही, विजेने गेला. प्लॅस्टिकवर लोकर घासली की वीज तयार होते. तू जपलास त्यातच गेला."

मग त्यांनी आपल्या खणातून वीज साठू न देणाऱ्या काळ्या स्पंजात खोचलेला एक डायोड काढला. त्यालाही टोपी नव्हती. पट्टा बांधून त्यांनी तो जोडला, आणि भिंतीवर लाल ठिपका पडला.

"माझ्या हातून याची टोपी उडाली तेव्हा मी तुझ्याच जागेवर होतो. अकरा वर्षं उघडाच आहे."

"तुम्ही कसा वाचवलात?"

"वाचवतोय कसला! घाबरून लपवून ठेवला, परत हात लावायची छाती झाली नाही. तू निदान येताक्षणी सांगितलंस."

तोच डायोड त्यांनी यंत्रात बसवला. मग पत्रावर सही करून ते पुढे केलं. कारागिराने आधी मनगटाला पट्टा बांधला आणि मगच पत्र हातात घेतलं.