दुर्बिणीची पाळी

रंगनाथअण्णा आमच्या घरी आले की पहिली भेट माणसांची नाही, घड्याळाची. भिंतीवरून ते काढायचं, कानाला लावायचं, मनगटावरच्याशी ताडून पाहायचं, काटा सरकवायचा आणि मग, "कसं काय, सुनील?" एकदा आमच्या धाकट्याला ताप आला. अण्णांनी माझ्या बायकोच्या हातून थर्मामीटर घेतला आणि स्वतःच्या काखेत लावून येरझाऱ्या घालू लागले. "आदी ह्यो खरा हाय का बगू. मंग पोराचं." इकडे पोर फणफणलेलं! बायकोने त्या दिवशी त्यांना चहा विचारला नाही.

उभा जन्म विजेचे मीटर तपासण्यात गेला. निवृत्त होऊन राहुरीत आमच्या शेजारी राहायला आले, तरी जिवाला चैन नाही. किराणा दुकानात स्वतःचं वजनमाप खिशात घालून जाणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांना लांबून पाहिलं की दुकानदार शटर ओढायच्या बेतात असतो.

एकाच बाबतीत हा माणूस गप्प. मुलगी वैशाली परदेशात आकाशाचा अभ्यास करते. मागे ती आली होती तेव्हा चार पाहुण्यांसमोर अण्णा बोलून गेले, "काचंतून बगत बसायचं, ह्याला काय काम म्हनत्यात व्हय?" तेव्हापासून ती फोनवर फक्त आईशी, म्हणजे आमच्या काकूंशी, बोलते. फोन वाजला की अण्णा अंगणात जातात आणि नळाची तोटी पिळत बसतात.

एके दिवशी काकूंनी बातमी आणली. अवकाशातल्या मोठ्या दुर्बिणीने काय पाहावं यासाठी जगभरातून अर्ज येतात, त्यात वैशालीचा मंजूर होऊन फोटोही निघाले होते. कॅनॉलच्या पाण्याची पाळी मिळते तशी तिला दुर्बिणीची पाळी मिळाली म्हणा ना. अण्णा तडक माझ्याकडे. "ते फोटू आपल्याला दिसत्याल का रं?"

मी कॉम्प्युटरवर शोधलं. एक वर्ष ते फक्त अर्ज करणाऱ्याचे. मग दुर्बिणीच्या संग्रहात सगळ्यांना खुले, तेही फुकट.

"कुनालाबी?"

"कोणालाही."

"मंजी बापालाबी?"

मी हो म्हटलं आणि वर्षभराचा घोर मागे लावून घेतला. येता-जाता एकच, "उगाडलं का?" मी आंघोळीला बसलो तरी बाहेरून, "सुनील, उगाडलं का रं?"

शेवटी उघडलं. फाईल उतरत होती आणि अण्णा टेबलाभोवती फिरत होते. मध्येच लाईट गेली, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच जुन्या खात्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. लाईट आली, चित्र उघडलं. काळंकुट्ट, आणि त्यावर पांढरे ओरखडेच ओरखडे.

अण्णांचा चेहराच उतरला. "नासलं. पोरीचं समदं काम नासलं. यंत्रच खराब दिलं तिला. आता कामावरनं काढत्याल."

"थांबा हो, वाचून तरी पाहू," मी म्हणालो. थांबतात कसले! घरी धावले, मी मागोमाग. काकूंच्या हातातून फोन ओढून घेतला आणि लावला. काकूंचा फोन कायम स्पीकरवर.

"बोल गं आई."

"वैशे, तुला खराब यंत्र दिलंय त्यांनी! चूक माजी म्हनून कुटं सही करू नगं!"

पलीकडून हळूच, "अण्णा? माझी फाईल तुम्ही उघडली?"

"व्हय."

ती हसली. "कच्ची घेतली तुम्ही. अवकाशातले कण कॅमेऱ्यावर आदळतात, त्याचे ओरखडे आहेत ते. यंत्राचे दोष वजा केलेली फाईल तिथंच शेजारी असते. आणि यंत्र जसजसं नीट कळत जातं, तसतसं आधीचं सगळं पुन्हा दुरुस्त करून ठेवतात."

"जुनं बी?"

"हो. कितीही जुनं असलं तरी."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता.

"अण्णा," वैशाली म्हणाली, "वर्षभर थांबलात तुम्ही? मला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी दाखवलं असतं."

अण्णांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"इचारायचं कसं, तेच कळंना गं," ते म्हणाले.